पुरलेला पाय

ट्राममध्ये एका जाड्या माणसाने होजिया टिडवेलच्या डाव्या पायावर पाय दिला आणि होजिया "आई गं!" म्हणून असा ओरडला, की ट्राम हाकणाऱ्यानेही मान वळवून मागे पाहिलं. "माफ करा हं, दिसलं नाही," म्हणत त्या माणसाने घाईघाईने पाय उचलला, खाली पाहिलं, आणि मग तो पाहतच राहिला. कारण तिथे पाय नव्हताच. गुडघ्याखाली चामड्याची वाटी होती, वाटीतून सरळ खाली गेलेला लाकडी खुंट होता, आणि खुंटाच्या पुढे, जिथे चारचौघांचं पाऊल असतं, तिथे ट्रामची नुसती फळी होती. त्या रिकाम्या फळीवर या जाड्याचा बूट पडला होता. "अहो, मी तर तुमच्या लाकडालाही शिवलो नाही!" तो माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात आता माफी नव्हती, तक्रार होती. समोरच्या बाकावरची बाई हसू लपवायला खिडकीबाहेर बघू लागली. होजियानेही हसून घेतलं. "सवय, दुसरं काय," तो म्हणाला. पण त्याची करंगळी ठणकत होती. डाव्या पायाची करंगळी. लढाईच्या दिवसांत याच ऑगस्टा शहरात पायासकट कापून ती पुरून टाकली होती, त्याला आता एक पिढी उलटली. ती आत्ता ब्रॉड स्ट्रीटवर भर दुपारी शेजारच्या बोटावर चढून बसली होती आणि खाली उतरायचं नाव घेत नव्हती.

तसा आजचा दिवसच वाईट निघाला होता. तो कोर्टातून घरी चालला होता. उत्तर-दक्षिण यादवी लढाईत जायबंदी झालेल्या दक्षिणेच्या शिपायांना पेन्शन द्यायचं जॉर्जिया सरकारने ठरवल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत होजियाने त्या कचेरीची पायरी चढली नव्हती. लोकांना वाटायचं, म्हातारा मानी आहे. कालव्याकाठच्या कापडगिरणीच्या फाटकावर तो रखवालदार होता, दोन वेळचं सुटत होतं, आणि कुणी विषय काढलाच तर "आम्ही लढलो ते काय पगारासाठी?" असं म्हणून तो तंबाखू थुंकायचा. लोक माना डोलवायचे. पण या वसंतात गिरणीवर नवा मॅनेजर आला. रखवालदाराला जिना झटपट चढता येत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने फार गोड बोलून होजियाला घरी बसवलं. घर म्हणजे मुलीचं, व्हिनीचं, गिरणीच्या चाळीतलं. जावई क्लेम माग दुरुस्त करायचा. माणूस सोन्यासारखा, आणि तीच तर अडचण होती. वाईट जावयाचं अन्न भांडून खाता येतं. क्लेम मक्याच्या पावाचा कडेचा खरपूस तुकडा, जो त्याला स्वतःला आवडायचा, तो रोज न चुकता सासऱ्यापुढे सरकवायचा, "घ्या ना, बाबा, मला नकोच आहे," म्हणायचा, आणि तो तुकडा होजियाच्या घशाखाली उतरता उतरत नसे. शेवटी व्हिनीनेच हट्ट धरला. "तुमच्या हक्काचं आहे ते. शेजारचे ओडेलकाका घेतात, त्यांची तर नुसती पाठ दुखते!" आणि आज सकाळी तिने इस्त्री करून दिलेला सदरा घालून होजिया कोर्टाची पायरी चढला.

तिथला कारकून मिस्टर पर्व्हिस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता. त्याने होजियाच्या खुंटाकडे पाहिलं, चष्म्यावरून होजियाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "टिडवेल, पाय नाही हे मला दिसतंय, आंधळा नाही मी. पण तो गेला कुठे, हे काय पाय येऊन सांगणार आहे? मागे एकाने लाकडाच्या वखारीत करवतीखाली गेलेला हात लढाईत गेला म्हणून शपथ घेतली. तेव्हापासून वरून ताकीद आहे. तुमच्या कंपनीतल्या त्या अलाबामातल्या दोस्ताचं पत्र आलंय, तुम्ही फौजेत होतात, पळाला नाहीत, ते ठीक. पण जखम स्वतःच्या डोळ्याने पाहिलेला माणूस पाहिजे. डॉक्टर, शिपाई, कुणीही. आणि त्यानंतर तुम्ही स्वतः हात वर करून सांगायचं, की ही जखम लढाईत, कामगिरीवर असताना, शत्रूच्या माऱ्याने झाली. म्हणजे मग झालं." पर्व्हिसने हे सगळं बाजारहाटाची यादी वाचावी तसं सांगितलं. होजियाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. साक्षीदाराचं ऐकून नव्हे. ते शेवटचं ऐकून. "डॉक्टर तर कधीच वारले," तो कसंबसं म्हणाला. "मग आठवा दुसरं कुणी," पर्व्हिस म्हणाला. "एवढा मोठा पाय कापला, एकट्याने थोडाच कापला असेल?"

नव्हताच कापला एकट्याने. ते होजियाला चांगलं ठाऊक होतं. ट्राम कालव्याच्या पुलावर आली, पाण्याचा गार वास आत शिरला, आणि त्याने डोळे मिटले. डोळे मिटले की ते जंगल समोर यायचं. त्याला आताशा कालची गोष्ट आठवत नसे, पण तिथल्या पाइनच्या झाडाची साल आठवायची, डिंकाचा तो थेंब आठवायचा. चिकामॉगाचं जंगल, सप्टेंबर महिना, आणि तो वीस वर्षांचाही नव्हता. आदल्या संध्याकाळी त्यांच्या कंपनीतला एक शहाणा, नाव आता आठवत नाही, शेकोटीपाशी म्हणाला होता, पायाच्या अंगठ्यात गोळी घालून घेतली तर घरी जाता येतं, फक्त ती घालून घेतल्याचं कुणाला कळता कामा नये. सगळे हसले. होजियाही हसला. आणि दुसऱ्या दिवशी ओंडक्याआड उभा असताना, पुढून धूर येत असताना, त्याने आपल्या बंदुकीची नळी अलगद डाव्या बुटावर टेकवली. नुसती टेकवून पाहिली. कसं वाटतं ते. बंदूक भरलेली होती. नळीचा गारपणा बुटाच्या फाटक्या चामड्यातून बोटांना लागला. त्याचा हात खाली बंदुकीच्या घोड्याकडे निघाला, का नुसताच लोंबत होता? नजर पाइनच्या सालीवर होती. डिंकाचा थेंब मधासारखा पिवळा होता. आणि मग केवढा तरी आवाज झाला, आणि नंतर फक्त आभाळ होतं.

एवढंच. मधलं काही नाही. मधलं त्याने इतक्या वर्षांत हजारदा शोधलं असेल, खिसे उलटेपालटे करून शोधावं तसं शोधलं, पण हाताला काही लागलं नाही. शुद्ध आली तेव्हा तो मालगाडीच्या डब्यात गवतावर होता. पायाला बुटासकट कुणीतरी घोंगडीचा बोळा करकचून बांधला होता, त्याला वास येत होता, आणि तो सोडून पाहायची त्याची हिंमत झाली नाही. मग ताप. मग ऑगस्टा, चर्चमधलं इस्पितळ, बाकांवर फळ्या टाकून केलेल्या खाटा. मग पाय गेला. त्याला कुणी विचारलं, तर तो "गोळी लागली" म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. कुणाची, हे कुणी विचारत नसे. दर एप्रिलला शहीद दिनाच्या मिरवणुकीत म्हातारे शिपाई फौजेचे राखाडी कोट घालून चालायचे तेव्हा होजिया रांगेच्या टोकाला असायचा. शाळेच्या पोरी फुलं टाकायच्या, बायका डोळे पुसायच्या, आणि कुणीतरी हमखास "आमच्या टिडवेलला पाहा! पाय दिला पोराने!" म्हणून ओरडायचं. तेव्हा त्याला धरणीने पोटात घ्यावं असं वाटायचं. पाय दिला खरा. पण कुणाला दिला, कशाला दिला, हे त्याला एकट्याला माहीत नव्हतं. निदान चोर असतो तर मनातल्या मनात कबूल तरी झालो असतो, असं त्याला वाटायचं. त्याच्यापाशी कबूल करायलाही काही नव्हतं, नाकारायलाही नव्हतं. आणि आता ते हात वर करून, बायबलवर दुसरा हात ठेवून सांगायचं होतं. होजिया फार देवभोळा नव्हता, पण शपथ ही त्याच्या लेखी शपथ होती.

घरी पोचला तेव्हा व्हिनी पाठच्या ओट्यावर पालेभाजी निवडत होती.  त्याचा चेहरा पाहून तिने स्टूल पुढे केलं आणि ताकाचा पेला आणून दिला. "परत आखडली का बोटं?" ती म्हणाली. त्याने मान हलवली. "मी किती वर्षांपासून सांगतेय तुम्हाला. तो पाय वाकडा पुरलाय. मिसेस ओडेलच्या भावाचं असंच झालं होतं, त्याचा हात पुरला तेव्हा मूठ आवळलेली राहिली. बिचारा रात्र रात्र ओरडायचा. शेवटी उकरला, बोटं एकेक करून सरळ केली, पुन्हा नीट पुरला, आणि त्या दिवसापासून चिडीचूप! कुठे पुरलाय तुमचा, ते शोधा तरी."  हे होजियाने आईकडून ऐकलं होतं, आजीकडून ऐकलं होतं, गावोगावच्या लंगड्याथोट्यांकडून ऐकलं होतं, आणि त्याचा त्यावर विश्वासही होता. पाय कुठे पुरला हे सांगणारा एक माणूस अजून जिवंत आहे, हेही त्याला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं. त्या माणसाला टाळण्यात त्याची निम्मी हयात गेली होती.

एनॉक ड्रेटनला शहरात कोण ओळखत नव्हतं? काळ्या वस्तीतले निम्मे मुडदे त्याच्या गाडीतून जायचे. काळी गाडी, काचेच्या भिंती, काळे कुळकुळीत दोन घोडे, डोक्यावर पिसांचे तुरे. ती गाडी येताना दिसली की होजिया खुंट टेकत टेकत रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, आणि लोक म्हणायचे, तोफांना न भ्यालेला टिडवेल बघा कसा शववाहिनीला भितो. होजिया गाडीला भीत नव्हता. तो हाकणाऱ्याला भीत होता. लढाईत एनॉक त्या चर्चमध्ये होता. गुलाम होता, मालकाने इस्पितळाला भाड्याने दिलेला. पाणी आणायचं, मेलेल्यांना बाहेर न्यायचं, कापताना माणसाला दाबून धरायचं, आणि कापलेलं घेऊन जायचं, ही त्याची कामं. होजियाचे खांदे त्यानेच दाबून धरले होते. आणि होजियाला तापातलं एक वाक्य आठवत होतं, स्वतःचंच, वरच्या त्या काळ्या चेहऱ्याकडे पाहून ओरडलेलं: "मीच केलं! मीच केलं!" म्हणजे कबुली एकदा देऊन झाली होती. ती एनॉकपाशी होती. तो वाटेल तेव्हा खिशातून काढून चारचौघांत टाकू शकत होता, आणि त्याने ती इतक्या वर्षांत टाकली नव्हती, याचीच होजियाला जास्त धास्ती वाटायची.

दुसऱ्या दिवशी तो गेला. का गेला, हे त्याला धड सांगता आलं नसतं. पेन्शनसाठी गेला असं म्हणावं, तर त्याने मनाशी ठरवलं होतं की जखमेचं काही विचारायचंच नाही. फक्त पाय कुठे पुरला, एवढं विचारायचं. बोटं सरळ करायचं निमित्त त्याला बरं सापडलं होतं. वाटेत तो दोनदा थांबला. एकदा परतही फिरला. मग क्लेमने सकाळी पुढे सरकवलेला तो खरपूस तुकडा आठवला आणि पुन्हा वळला.

एनॉक अंगणात बकाणनिंबाच्या झाडाखाली एका शवपेटीच्या झाकणाला कान लावून उभा होता. बोटाने टकटक करून लाकूड पोकळ नाही ना, ते बघत होता. उंच, सडपातळ, अजून ताठ. होजियाला फाटकात पाहून त्याने कान काढला. "या, मिस्टर टिडवेल," तो म्हणाला. "चालत आलात? माझ्याकडे लोक सहसा चालत येत नाहीत."

होजियाला हसावं का रागवावं कळेना. "बरं चाललंय ना रे, एनॉक?"

"धंद्याला मरण नाही," एनॉक म्हणाला. "तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जाता तेव्हा माझे घोडेसुद्धा तुम्हाला ओळखतात. आज त्यांना काय सांगू?"

होजियाने टोपी काढली, पुन्हा घातली. "पाय... माझा पाय तू पुरला होतास. चर्चमध्ये."

"हो. तुमचा आणि बाकीच्यांचे. याच धंद्यातली माझी ती सुरुवात म्हणा ना."

"कुठे पुरलास?"

"चर्चच्या मागे. आता तिथे बर्फाचा कारखाना आहे. का? परत पाहिजे?"

"बोटं आखडतात रे," होजिया म्हणाला, आणि त्याच्या आवाजाला नकळत रडवा सूर लागला. "झोप नाही लागत. करंगळी वर चढते. वाटलं, तू घाईत पुरला असशील, वाकडातिकडा. मी दोष देत नाही तुला. फक्त सांग, बोटं सरळ होती की दुमडलेली?"

 एनॉकने बाजूचा बाक फडक्याने पुसला आणि बसायची खूण केली. स्वतः उभाच राहिला. "बोटं?" तो म्हणाला. "कसली बोटं, मिस्टर टिडवेल?"

"माझी. डाव्या पायाची."

"तुमच्या पायाला बोटं नव्हती. पुढचा अर्धा पाय होताच कुठे? घोंगडी सोडली तेव्हा डॉक्टरसुद्धा मागे सरकले. बुटाचं टाचेकडचं तेवढं शिल्लक होतं, आणि घोट्याच्या हाडात लोखंडाचा एक तुकडा रुतून बसला होता, हा एवढा." त्याने तळहात पुढे केला. "तोफगोळ्याचा. डॉक्टर म्हणाले, राहू दे, आता कशाला काढायचा. तो तसाच पायासकट मी पुरला. तुमची बोटं तिकडे लढाईच्या जागीच, टेनेसीच्या बाजूला, राहिली कुठेतरी. ती सरळ आहेत की वाकडी, मी कसं सांगू?"

 बकाणाची पिवळी फळं बाकावर पडली होती, त्यातलं एक होजियाने उचललं, खाली ठेवलं. त्याला आधी वाक्य कळलं आणि अर्थ नंतर कळला, एकेक पायरी उतरत यावा तसा. लोखंडाचा तुकडा. तळहाताएवढा. त्याची बंदूक काय उडवत होती? बोटाच्या पेराएवढी शिशाची गोळी. ती बुटाला भोक पाडते. अर्धा पाय नेत नाही. हाडात लोखंड ठेवत नाही. "एनॉक," तो म्हणाला, "मी तेव्हा ओरडत होतो. मीच केलं म्हणून."

"रात्रभर."

"मग तुला काय वाटलं?"

"मला?" एनॉक पहिल्यांदा हसला, पण ते हसू होजियाला आवडेल असं नव्हतं. "तिथे दर तिसरा पोरगा तेच ओरडायचा. एक जण पोटात गोळी घेऊन पडला होता, तोही म्हणायचा, मीच मारून घेतली. तुम्ही सगळ्यांनी मनात आणलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि मी पाण्याची बादली घेऊन तुमच्यामधून फिरायचो आणि मनात म्हणायचो, देवा, यातला एक तरी शहाणा निघू दे. एकाने तरी खरंच केलं असू दे. कारण तुम्ही सगळ्यांनी तेव्हाच आपापल्या पायात गोळ्या घालून घेतल्या असत्या, तर मी दोन वर्षं आधी सुटलो असतो." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "तुमचा तुकडा पाहिला तेव्हा, खरं सांगतो, माझी निराशा झाली."

होजियाचा जीव भांड्यात पडला, आणि इतका जोरात पडला की त्याला रडूच फुटलं. तो हसतही होता. म्हाताऱ्या माणसाने परक्या अंगणात, शवपेट्यांच्या मधोमध बसून नाक पुसत हसणं शोभत नाही हे त्याला कळत होतं, पण त्याचं काही चालेना. आतलं कितीतरी वर्षं आवळून धरलेलं काहीतरी सैल होत होतं, खांद्यातून, मानेतून, पोटातून. मी नाही केलं. मी नाही केलं! नळी टेकवली होती, ते खरं. पण आवाज झाला तो माझा नव्हता. मग त्या सुटलेपणाच्या तळाशी त्याला दुसरंच काहीतरी टोचलं. समोर उभा असलेला हा माणूस, ज्याने त्याला निर्दोष ठरवलं, त्याने तो दोषी निघावा म्हणून प्रार्थना केली होती; आणि त्या प्रार्थनेत वाईट काही होतं असं होजियाला कितीही प्रयत्न करून वाटेना. आपण पाय दिला तो यांना गुलामीत बांधून ठेवण्यासाठी, हे त्याने कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. मिरवणुकीत तर कुणीच म्हणत नसे. त्याने नाक पुसलं आणि मिस्टर पर्व्हिसने काय सांगितलं, ते एनॉकला सांगितलं.

"मी येईन," एनॉक म्हणाला. "पाहिलं ते सांगेन. एक अट आहे."

"काय हवं ते—"

"पैसे नकोत. तिथे त्या पर्व्हिससाहेबासमोर मला मिस्टर ड्रेटन म्हणायचं. एकदाच. पण ऐकू जाईल असं."

होजियाने खाली पाहिलं. ही अट साधी नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. या शहरात गोऱ्या माणसाने काळ्याला मिस्टर म्हटलेलं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. पर्व्हिसच्या हातात अर्ज होता. त्याला राग आला, तर तो अर्ज ढिगाच्या तळाशी जाऊन पडेल, पुढच्या वर्षीपर्यंत, कदाचित कायमचा. "अर्ज फेटाळला तर?" तो म्हणाला.

"फेटाळला तर फेटाळला," एनॉक म्हणाला. "मी माझ्या पायाने येणार आहे, मिस्टर टिडवेल. कुणी भाड्याने दिलेला नाही. तुम्ही ठरवा."

ते दोघं सोमवारी कोर्टात गेले. जिना चढताना एनॉकने होजियाला हात दिला नाही, होजियाने मागितला नाही. तो कठड्याला धरून एकेक पायरी चढला, आणि प्रत्येक पायरीला ती दोन शब्दांची हाक तोंडात घोळवत राहिला. घरी त्याने आरशासमोरही म्हणून पाहिली होती. जीभ अडत होती. जिभेलाही सवयी असतात. पर्व्हिसने मान वर केली आणि त्याचा चेहरा खुलला. "काय रे एनॉक, गिऱ्हाईक शोधत इथे आलास की काय? अजून कुणी मेलं नाही बाबा!" कचेरीतले दोघेतिघे हसले. एनॉक हसला नाही. त्याने होजियाकडे पाहिलंही नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभा राहिला.

"हे माझे साक्षीदार," होजिया म्हणाला. आणि मग, कारण हे पुरेसं नव्हतं, "मिस्टर ड्रेटन."

पर्व्हिसची लेखणी थांबली. "कोण म्हणालात?"

इथे सुटका होती. पर्व्हिसने दार उघडून दिलं होतं. 'एनॉक म्हटलं' एवढं म्हटलं असतं की झालं असतं. एकदाच म्हणायचं ठरलं होतं, आणि एकदा म्हणून झालं होतं; अट पुरी झाली होती. होजियाला क्लेमचा तो पावाचा तुकडा दिसला, व्हिनीची इस्त्री दिसली.  "मिस्टर ड्रेटन," तो म्हणाला, आणि या वेळी जीभ अडली नाही. "मला दाबून धरणारे तेच होते."

मागचं हसणं बंद झालं होतं. पर्व्हिसने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "आज ऊन फार आहे, टिडवेल," तो अखेर म्हणाला. "डोक्यावर टोपी ठेवत चला." आणि त्याने दौतीत लेखणी बुडवली. "बोल, एनॉक. तू तिथे कोण होतास?"

"मला तिथे भाड्याने दिलं होतं," एनॉक म्हणाला. "भाडं मालकाला मिळायचं." पर्व्हिसने ते लिहिलं की नाही, दिसलं नाही. पुढचं त्याने लिहिलं: घोंगडी, बूट, अर्धा पाय, हाडातलं लोखंड. एनॉक न थांबता, न रंगवता सांगत गेला. होजिया ते ऐकत राहिला. तो पाय आता दुसऱ्याच कुणाचा वाटत होता, कुणा एका पोराचा, जो घाबरला होता आणि ज्याने काही केलं नव्हतं. त्या पोराची त्याला पहिल्यांदाच कीव आली. पर्व्हिसने मध्ये एकदाच विचारलं, "तोफेचाच तुकडा? नक्की?" आणि एनॉक म्हणाला, "बंदुकीतून उडत असेल तर ती बंदूक मला बघायचीय, साहेब." पर्व्हिसला हसू आलं. ते त्याने खोकून घालवलं.

मग बायबल पुढे आलं. होजियाने डावा हात त्यावर ठेवला, उजवा वर केला. पर्व्हिस भराभरा वाचत गेला, होजिया टिडवेल, राहणार अमुक, कंपनी अमुक, "ही जखम लढाईत, कामगिरीवर असताना, शत्रूच्या माऱ्याने झाली, असं तुम्ही देवासमक्ष सांगता?"  पुढच्या क्षणी त्या पोराने काय केलं असतं, घोड्याकडे निघालेला हात पोचला असता की नाही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. सरकारने ते विचारलं नव्हतं. देवाने विचारलं तर त्याला तो काय ते सांगेल, आणि त्याची आता त्याला भीती वाटत नव्हती. "सांगतो," तो म्हणाला. आवाज कापेल असं त्याला वाटलं होतं, पण तो दुकानात कॉफी मागताना निघावा तसा साधा निघाला.

पर्व्हिसने शिक्का मारला, कागद टिपकागदावर दाबला, पुढचा अर्ज ओढला, आणि मग त्याचं लक्ष गेलं. "हात खाली घ्या, टिडवेल. झालं केव्हाच."

होजियाने वर पाहिलं. हात खरंच अजून वर होता, उघडा, सगळ्यांना दिसेल असा. खिडकीतून येणारी कालव्याकडची झुळूक बोटांना लागत होती. "हो, घेतो," तो म्हणाला, पण त्याने तो आणखी थोडा वेळ तसाच राहू दिला.